दुबळे यकृत आणि नवे औषध

छातीत कळ आली की घरातील एखादे वडीलधारे गृहस्थ खिशातील डबीतून लहानशी गोळी काढतात आणि ती न गिळता जिभेखाली ठेवतात, हे दृश्य आपण पाहिले असेल. गोळी जिभेखाली का ठेवायची? ती लवकर विरघळून लवकर गुण यावा, हे एक कारण बहुतेकांना ठाऊक असते. दुसरे कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. तीच गोळी गिळली, तर आतड्यातून शोषले गेलेले औषध प्रथम यकृतात जाते आणि हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा मोठा भाग तेथे निकामी होतो. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून रक्त थेट हृदयाकडे नेतात.

पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकातनाके असत. गाडी थांबे, माल तपासला जाई, जकात वसूल होई आणि मगच गाडी पेठेत शिरे. यकृत हा देहाचा असाच नाका होय. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून वाहतो. हे रक्त बहुतांशी आतड्यांकडून आलेले असते. त्यातील औषधाचे रासायनिक रूप यकृतातील विकरे पालटून टाकतात. काही औषध पित्तावाटे बाहेर पडते, काही मूत्रावाटे जाण्याजोगे होते. गोळी किती मिलिग्रॅमची असावी हे ठरविताना शास्त्रज्ञ ही जकात जमेस धरतात. इतके नाक्यावर जाणार, इतके पुढे पोहोचणार, असा तो हिशेब असतो.

मग नाकाच मोडून पडला तर?

वर्षानुवर्षांचे मद्यपान, ब आणि क या विषाणूंमुळे होणारा यकृतदाह, आणि अलीकडे मधुमेह व स्थूलता यांच्या सोबतीने यकृतात साठणारी चरबी, अशा कारणांनी काही माणसांचे यकृत हळूहळू कठीण व गाठाळ होत जाते. डॉक्टर याला सिऱ्होसिस म्हणतात. अशा यकृतात कामकरी पेशी कमी उरतात. शिवाय रक्ताला आतून वाट मिळेनाशी होते, तेव्हा ते आडवाटा शोधते आणि यकृताला टाळून पुढे जाते. नाक्यावर शिपाई थोडे, आणि गाड्याही शेतातून परस्पर निघालेल्या! परिणाम असा की निरोगी माणसाच्या रक्तात ज्या गोळीचा अल्प अंश पोहोचला असता, तिचा कित्येक पट अंश या रुग्णाच्या रक्तात उतरतो आणि बराच काळ तेथे रेंगाळतो. झोपेची साधी गोळी किंवा वेदनाशामक मॉर्फीनची नेहमीची मात्रा अशा रुग्णाला गुंगीत, प्रसंगी बेशुद्धीत लोटू शकते. आणखी एक गोष्ट घडते. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते आणि पुष्कळ औषधे रक्तात त्याला चिकटून राहतात. ते कमी झाले की औषधाचा मोकळा अंश वाढतो, आणि परिणाम घडवून आणतो तो हा मोकळा अंशच.

याच्या उलटही घडते. कोडीनसारख्या काही औषधांना यकृतात गेल्यावरच खरे सामर्थ्य प्राप्त होते. यकृत दुबळे असेल तर तेथे मात्रा पुरी पडत नाही. तेव्हा ‘यकृत बिघडले आहे ना, मग अर्धी गोळी द्या’ हा घरगुती न्याय प्रत्येक वेळी लागू पडत नाही. किती द्यायची हे औषधागणिक निराळे असते, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे. रक्तातील क्रिएटिनिन मोजले की मूत्रपिंडे किती काम करीत आहेत याचा बराच चांगला अंदाज येतो आणि त्या आकड्यावरून औषधाची मात्रा बेतता येते. यकृताची कामे इतकी नानाविध आहेत की त्याच्या सर्व सामर्थ्याचे माप सांगणारा असा एकही आकडा वैद्यकास अद्याप सापडलेला नाही. म्हणून वैद्यकाने एक उसनी मोजपट्टी वापरण्यास घेतली आहे आणि तिची कथा मोठी मनोरंजक आहे.

१९६४ साली चाइल्ड आणि टर्कॉट या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांपुढे औषधाचा प्रश्न मुळीच नव्हता. सिऱ्होसिसच्या रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया केली तर तो वाचेल काय, एवढेच त्यांना अजमावयाचे होते. त्यासाठी त्यांनी रुग्णांचे तीन वर्ग पाडले. पुढे १९७३ मध्ये लंडनमधील पू आणि त्यांचे सहकारी यांनी त्यात फेरफार करून गुण देण्याची पद्धत बसविली. रक्तातील बिलिरुबिन, रक्तातील अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटात साठलेले पाणी म्हणजे जलोदर, आणि यकृतविकारामुळे मनावर आलेली ग्लानी वा भ्रम, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज ५ किंवा ६ आली तर विकार सौम्य, ७ ते ९ आली तर मध्यम, १० ते १५ आली तर तीव्र. शल्यगृहासाठी तयार झालेली ही पट्टी आज जगभर औषधाची मात्रा ठरविण्याच्या कामी येते. कापड मोजण्याच्या गजाने दूध मोजावे तसा थोडासा हा प्रकार आहे, आणि तज्ज्ञही तसे मोकळेपणाने मान्य करतात. परंतु याहून सोयीचे माप हाती नाही.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. नवे औषध माणसाला प्रथम दिले जाते ते बहुधा निरोगी स्वयंसेवकांना, अगदी थोड्या मात्रेत. नंतर ज्या रोगासाठी ते तयार केले त्या रोगाच्या शेकडो, हजारो रुग्णांवर त्याची परीक्षा होते. या मोठ्या परीक्षांतून यकृत बिघडलेली माणसे पुष्कळदा वगळली जातात. त्यांना अपाय होऊ नये आणि निष्कर्ष गढूळ होऊ नयेत, असा त्यामागे हेतू असतो. हेतू चांगला, पण त्याचा परिणाम चमत्कारिक होतो. औषध बाजारात येते, त्याच रोगाच्या जोडीला सिऱ्होसिस असलेला रुग्ण डॉक्टरांपुढे येऊन बसतो, आणि त्याच्यासारख्या माणसाला हे औषध किती द्यावे हे कोणालाच ठाऊक नसते. ही पोकळी भरण्यासाठी एक लहानशी, वेगळी चाचणी घेतली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये आणि युरोपच्या यंत्रणेने २००५ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शोषल्या गेलेल्या औषधापैकी पाचव्या हिश्शाहून अधिक भाग यकृताच्या हातून जात असेल तर अशी चाचणी करावी, असे अमेरिकेची सूचना सांगते. जे औषध जवळजवळ सर्वच मूत्रपिंडांवाटे जाते, त्याला सामान्यतः तिची गरज नसते.

लहानशी म्हणजे किती? प्रत्येक गटात सहा ते आठ माणसे, बहुधा इतकीच! सौम्य, मध्यम आणि तीव्र विकाराचे गट, आणि त्यांच्या जोडीला वय, वजन व लिंग यांत त्यांच्याशी मिळतीजुळती अशी धडधाकट माणसे. काही वेळा केवळ मध्यम विकाराच्या गटावरच काम भागविले जाते. तीव्र विकाराचा गट घ्यायचाच झाला तर तो बहुधा शेवटी, आधीच्यांचे काय झाले ते पाहून. रुग्णाला रुग्णालयात दाखल करून घेतात. हाताच्या शिरेत एक बारीक नळी बसवितात. औषधाची बहुधा एकच मात्रा दिली जाते, आणि शंका असेल तर तीही नेहमीपेक्षा कमी. मग अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी, चार तासांनी, रात्री, दुसऱ्या दिवशी, क्वचित त्यापुढेही कित्येक दिवस थोडे थोडे रक्त काढले जाते. प्रत्येक कुपीतील औषधाचे प्रमाण मोजून ते कागदावर मांडले की एक वक्ररेषा तयार होते. निरोगी माणसाची रेषा झरकन चढते आणि उतरते. दुबळ्या यकृताच्या माणसाची रेषा उंच चढते आणि उतरता उतरत नाही. या दोन रेषांखालील क्षेत्रफळांची तुलना हेच या चाचणीचे फलित. क्षेत्र दुप्पट भरले तर मात्रा निम्मी करावी काय, याचा विचार त्यावरून सुरू होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती संमतिपत्राच्या गर्दीत हरवते. या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला त्या औषधाचा स्वतःसाठी लाभ व्हावा अशी अपेक्षाच नसते. औषध मधुमेहाचे असेल, कर्करोगाचे असेल. याला कदाचित तो रोगही नसेल. एका गोळीने त्याचे यकृत सुधारणार नाही. तो आपले रक्त देतो ते पुढे येणाऱ्या कोणा अनोळखी रुग्णासाठी. ‘नवीन औषध आले आहे, बघू या गुण येतो का’ अशा समजुतीने कोणी सही केली असेल, तर ती संमती, प्रस्तुत लेखकाच्या मते, खरी संमती नव्हे.

धोका किती असतो, असे आपण विचाराल. एका मात्रेच्या चाचणीत तो सामान्यतः थोडा असतो. परंतु यकृताच्या रुग्णांवर नवे औषध वापरताना एक खास अडचण येते, ती समजण्यासाठी १९९३ सालची एक दुःखद घटना सांगणे भाग आहे. ती चाचणी मात्रा ठरविण्याची नव्हती, ब यकृतदाहावर उपाय शोधण्याची होती. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फियालुरिडीन नावाचे औषध १५ रुग्णांना देण्यात येत होते. यापूर्वी ते दोन व चार आठवडेच देऊन पाहिले होते आणि रक्तातील विषाणू झपाट्याने कमी झाले होते; प्राण्यांवरील प्रयोगांतही हा धोका दिसला नव्हता. या वेळी ते सहा महिने द्यावयाचे होते. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचे यकृत एकाएकी निकामी होऊ लागले. डॉक्टरांनी तत्काळ सर्वांचे औषध थांबविले. परंतु औषध थांबल्यावरही एकामागून एक रुग्ण खालावत गेले. एकूण सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले, दोघे यकृतरोपणामुळे बचावले.

पुढे उलगडा झाला तो असा. हे औषध पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म कणांच्या जनुकद्रव्यात शिरून त्यांना हळूहळू निकामी करीत होते. इतके हळू की पहिले काही आठवडे कशाचीच चाहूल लागू नये. त्यातून आणखी एक घोटाळा होता. यकृतदाहाच्या रुग्णाच्या रक्तातील विकरांचे प्रमाण वाढले, तर शरीर विषाणूंशी झुंजत आहे असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. रोग खवळला, बरा होऊ लागला, की औषध बाधले? तिन्हींचे चिन्ह एकच! निरोगी माणसाला कावीळ झाली तर औषधावर लगेच बोट ठेवता येते. ज्याचे डोळे आधीच पिवळे आहेत, त्याच्या बाबतीत औषधाचा अपाय रोगाच्या आड दडून बसतो. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी यकृतपेशी रुजविलेल्या उंदरांना हेच औषध दिले, तेव्हा त्यांच्यात हा अपाय दिसून आला. अशी सोय १९९३ साली उपलब्ध नव्हती.

आपल्या देशात या चाचण्यांवर २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांचा अंमल आहे. सरकारी परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याखेरीज नव्या औषधाची चाचणी सुरू करता येत नाही. या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार, एक तरी स्त्री सदस्य आणि एक तरी सामान्य नागरिक असावा लागतो. २००७ पासून भारताची चाचणी-नोंदवही चालू आहे आणि २००९ च्या जूनपासून औषध-चाचणीची तीत नोंद करणे बंधनकारक झाले. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेव्हा आपल्या भावाला वा वडिलांना कोणी अशा चाचणीविषयी विचारले, तर तिचा नोंदणी-क्रमांक मागून घ्या. संकोच करू नका. तो देणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटू नये.

माहितीपत्रक आणि संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. आपल्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी तीन-तीन पिढ्या नांदत आहेत. बाजारहाट तेथील भाषेत सुखाने चालतो. परंतु रक्त किती वेळा काढणार, औषध बाधल्यास काय करणार, हे घरातील वृद्धाला मराठीतच नीट उमगत असेल तर मराठी पत्रक मागावे. ते घरी आणून निवांत वाचावे. चाचणीमुळे इजा झाल्यास नियमानुसार उपचार विनामूल्य मिळतात आणि ती इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईही मिळते. भाग घेण्यास नकार दिला, किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीच्या उपचारांत खंड पडत नाही. कागदावर हे सर्व असते. तरीही ज्या डॉक्टरांनी वर्षभर आपल्या माणसाची शुश्रूषा केली, त्यांनीच विचारले तर ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळते. अशा वेळी ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर पुरेसे आहे आणि सभ्यही आहे.

एक बाब कुटुंबीयांनाच पाहावी लागते. यकृतविकार वाढला की रुग्णाच्या मनावर झापड येते. दिवसा डुलक्या, रात्री जागरण, अक्षर वाकडे होणे, नेहमीच्या नोटा मोजताना चुकणे, ही तिची आरंभीची चिन्हे होत. सकाळी स्वच्छ बोलणारा माणूस संध्याकाळी गोंधळलेला असू शकतो. अशा अवस्थेत घेतलेली सही कितीशी मोलाची? रुग्णाचे मन ताळ्यावर असताना, त्याच्या पसंतीच्या नातेवाइकासमक्ष ही बोलणी व्हावीत असा आग्रह धरावा. दुर्बल स्थितीतील व्यक्तीला अगदी नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत घेताना संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, तेही विचारून घ्यावे.

शिवाय घरात चालू असलेले चूर्ण, काढा, कोणी दिलेली पुडी यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘ती काही औषधे नव्हेत’ म्हणून ती लपविली जातात. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्याच्याशी असहमती दर्शविली आणि त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु रक्तातील औषधाचे माप काढावयाचे असताना आणखी काय काय पोटात गेले आहे हे डॉक्टरांना ठाऊक असलेच पाहिजे.

एवढे सायास करून मिळालेल्या आकड्यांचे पुढे काय होते? ओबेटिकोलिक ॲसिड या औषधाची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. यकृतातील पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा एक रोग आहे. तो प्रामुख्याने स्त्रियांना होतो. त्यावरील हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत संमत झाले. वर सांगितलेली चाचणी त्यावर झाली होती आणि तिचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता. एकाच मात्रेनंतर मध्यम विकाराच्या रुग्णांच्या देहाला या औषधाचा संपर्क निरोगी माणसांच्या चौपट घडला, तर तीव्र विकाराच्या रुग्णांना तो सतरा पट घडला! म्हणून इतरांना रोज ५ मिलिग्रॅम, तर अशा रुग्णांना आरंभी आठवड्यातून एकदाच ५ मिलिग्रॅम, असे माहितीपत्रकात छापलेले होते. तरीही २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. औषध घेणाऱ्या १९ रुग्णांच्या मृत्यूची नोंद झाली होती. त्यांपैकी आठ जणांच्याच मृत्यूचे कारण कळविण्यात आले होते, आणि या आठांपैकी सात जणांचे यकृत मध्यम वा तीव्र बिघडलेले असूनही त्यांना रोजची मात्रा दिली गेली होती. २०१८ मध्ये तो इशारा माहितीपत्रकाच्या अग्रभागी ठळक चौकटीत घालण्यात आला, २०२१ मध्ये वाढलेल्या सिऱ्होसिसच्या पुष्कळ रुग्णांना ते औषध वर्ज्य ठरले आणि २०२५ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले.

मोजमाप झाले होते. ते छापलेही गेले होते. आठवड्याच्या जागी रोज, एवढीच चूक घडली.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो पातळ कागद असतो, त्यात यकृतविकाराच्या रुग्णांसाठी बहुधा निराळा परिच्छेद असतो. आपल्याकडे दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि तो कागद खोक्यासह दुकानातच राहतो. घरात कोणाला कावीळ होऊन गेली असेल, यकृताची तक्रार असेल, तर तो कागद मागून घ्यावा, तो परिच्छेद खुणेने अधोरेखित करावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या मेजावर ठेवावा.